ऊन कोठे अडवावे?

वैशाखातील दुपारी उन्हातून आलेला माणूस जुन्या वाड्याची ओटी ओलांडून माजघरात पाऊल टाकतो, तेव्हा क्षणभर त्यास काहीच दिसत नाही. मग हळूहळू कोपऱ्यातील पाण्याचा माठ, भिंतीतील कोनाडा, शेणाने सारवलेली गार जमीन असे एकेक डोळ्यांपुढे येऊ लागते आणि त्याच्या जिवास हायसे वाटते. हा अंधार घर बांधणाराने मुद्दाम राखलेला असे. माजघराच्या भिंती दोन दोन हात जाड असत. त्यास बाहेरच्या बाजूस खिडकी नसे आणि असली तर लहान असे. उन्हास घरात यावयाचे झाल्यास आधी पडवी, मग ओटी, असे एकेक नाके ओलांडून यावे लागे. माजघरापर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा सारा कडकपणा संपलेला असे.

आजच्या शहरांतील घरांची गोष्ट निराळी आहे. तेथे भिंती वीतभर जाडीच्या असतात, पडवी नसते आणि खिडक्या मात्र भिंतीएवढ्या रुंद व काचेच्या असतात. उजेडाच्या दृष्टीने हा बदल चांगलाच झाला, यात शंका नाही. जुन्या घरांतील स्वयंपाकघराच्या काळोखात चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत असलेल्या बायकांनी तो अंधार पुष्कळ सोसलेला आहे. परंतु पडवीने आणि जाड भिंतीने पूर्वी जे काम केले, ते आता खिडकीवरच्या आच्छादनास करावे लागते. ते आच्छादन कसे निवडावे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बहुतेक घरांत पडदा निवडला जातो तो रंग पाहून. भिंतीस शोभेल अशा रंगाचे कापड आणून टांगले जाते आणि उन्हाळा आला म्हणजे ‘इतका जाड पडदा लावूनही खोली तापतेच कशी?’ असे नवल केले जाते.

खिडकीतून आत येणाऱ्या गोष्टी चार: उजेड, उष्णता, वारा आणि परक्याची नजर. यांतील कोणती हवी आणि कोणती नको, हे आधी ठरवावे लागते. कारण चारींचा बंदोबस्त करील असे एकच आच्छादन सापडणे कठीण. जाड पडदा उजेड अडवितो, पण त्याबरोबर वाराही अडवितो. मलमलीचा पडदा नजर अडवितो, पण उष्णतेस तो जवळजवळ मोकळी वाट देतो. म्हणून कापडाच्या दुकानात जाण्यापूर्वी खिडकीजवळ उभे राहून ती कोणत्या दिशेस उघडते आणि तिच्यातून ऊन केव्हा येते, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

सूर्य पूर्वेस उगवतो आणि पश्चिमेस मावळतो, एवढे सर्वांस ठाऊक असते. पण वर्षभर तो एकाच मार्गाने जात नाही. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे येथे प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस असे येतात की, मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि ताठ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. पुण्यास हा शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. नागपूर अधिक उत्तरेस असल्याने तेथे तो मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो आणि उरलेले सारे वर्ष तो दक्षिणेकडे असतो.

आता दक्षिणेस उघडणारी पुण्यातील एक खिडकी घ्या. तिची उंची १२० सेंटिमीटर असून तिच्या माथ्यावर ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा आहे. डिसेंबरच्या थंडीत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. त्या वेळी छज्जाची सावली खिडकीवर सुमारे ६७ सेंटिमीटर उतरते. खालच्या निम्म्या भागातून कोवळे ऊन खोलीत येते आणि ते त्या दिवसांत हवेसेच असते. मार्च महिन्याच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य साडेएकाहत्तर अंशांपर्यंत चढतो आणि छज्जाची सावली खिडकीच्या तळाच्याही खाली जाते. म्हणजे उन्हाळा सुरू होताच ऊन आपोआप बाहेर राहते. कोणी दोरी ओढावयास नको की पडदा सारावयास नको! छज्जा नीट बांधलेला असेल, तर दक्षिणेच्या खिडकीस दुपारच्या उन्हासाठी पडद्याची फारशी गरज उरत नाही.

पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांस मात्र हा उपाय लागू पडत नाही. मे महिन्यात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३० अंशांच्या आसपास असतो. त्याचे किरण तिरपे, छज्जाच्या खालून शिरतात. तेवढ्याच ६० सेंटिमीटर छज्जाची सावली आता खिडकीवर जेमतेम ३५ सेंटिमीटर उतरते. बाकीच्या सर्व खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत जाते. पूर्वेचे ऊनही असेच तिरपे असते, पण ते रात्रीच्या गारव्यानंतर येते. पश्चिमेचे ऊन येते ते दिवसभर तापलेल्या घरावर. म्हणून घरातील पैसा एकाच खिडकीवर खर्च करावयाचा असेल, तर तो पश्चिमेच्या खिडकीवर करावा. उत्तरेच्या खिडकीस मे, जून आणि जुलैत सकाळ-संध्याकाळ थोडे तिरपे ऊन लागते. एरवी तिचा उजेड शांत व एकसारखा असतो. अनेक चित्रकार आपल्या कामाच्या खोलीस उत्तरेची खिडकी पसंत करतात, ते याच कारणासाठी.

दिशा ठरली म्हणजे पुढचा प्रश्न, ऊन काचेच्या बाहेर अडवावे की आत? घर गार राहणार की तापणार हे मुख्यतः या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. निरभ्र आकाशातील प्रखर सूर्य, त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे एक हजार वॉट इतकी ऊर्जा ओततो. विजेची एखादी मोठी इस्त्री चालू असताना जेवढी ऊर्जा घेते, जवळजवळ तेवढीच ही होय. काचेतून सूर्याचे किरण सहज आत येतात. ते पडद्यावर, गादीवर, जमिनीवर पडले की त्या वस्तू तापतात आणि स्वतः उष्णता बाहेर टाकू लागतात. पण या उष्णतेचे किरण सूर्याच्या किरणांहून निराळ्या जातीचे असतात. साधी काच त्यांस बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे दार उघडताच जी वाफ तोंडावर येते, तिचे कारणही हेच.

यावरून ध्यानात येईल की, काचेच्या आतल्या बाजूस गर्द रंगाचा जाड पडदा लावला तर खोलीत अंधार होतो, परंतु उष्णता तर आत येऊन चुकलेलीच असते. पडदा तापतो आणि शेगडीसारखा खोलीस ऊब देत राहतो. तेच ऊन काचेच्या बाहेर एखाद्या साध्या बांबूच्या चिकाने अडविले, तर तापतो तो चिक, आणि त्याची उष्णता बाहेरचा वारा घेऊन जातो. किमतीने स्वस्त असलेला चिक भारी पडद्यास हरवितो तो असा.

बांबूच्या किंवा बोरूच्या बारीक काड्या दोऱ्याने विणून केलेला चिक ही मोठी सोयीची वस्तू आहे. तो गुंडाळून वर बांधता येतो, त्याच्या फटींतून वारा खेळतो आणि शिवाय त्यात एक गंमत आहे. दिवसा घरातल्या माणसास चिकामधून रस्त्यावरचे सर्व काही दिसते, पण रस्त्यावरच्या माणसास घरातले काही दिसत नाही. कारण बाहेर लख्ख उजेड असतो आणि उन्हाने उजळलेल्या काड्यांपलीकडे आतला काळोख असतो. रात्री घरात दिवा लावला की नेमके उलट घडते. चिकाच्या भरवशावर रात्री निर्धास्त बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

कोकणात आणि गोव्यात पाऊस जोराचा, तेव्हा बाहेर टांगलेला चिक पावसाळ्यात कुजून जावयाचा. तेथील जुन्या घरांनी निराळ्या वाटा शोधल्या. गोव्यातील कित्येक जुन्या घरांच्या खिडक्यांत आजही काचेऐवजी शिंपल्या दिसतात. एका जातीच्या सपाट व पातळ शिंपल्या चौकोनी कापून लाकडी चौकटीत ओळीने बसवीत. शिंपलीतून पलीकडचे दिसत नाही. मात्र उजेड येतो, तोही दुधासारखा मऊ होऊन. किनाऱ्यावरील आणि मुंबईतील जुन्या इमारतींना आडव्या, तिरप्या लाकडी पट्ट्यांची झडपे असत. पट्ट्या खालच्या बाजूस उतरत्या बसविलेल्या असल्यामुळे पाऊस आणि ऊन बाहेर राही, वारा मात्र आत येई. दमट हवेच्या प्रदेशात वाऱ्यास अडविणे म्हणजे घरच्या माणसांस घामाने भिजविणे होय. म्हणून तेथे गच्च बंद होणाऱ्या आच्छादनापेक्षा अशी झडपेच बरी.

विदर्भाची रीत याहून वेगळी. तेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी असते. अशा वेळी बाहेरचा वारा घरात घेणे म्हणजे भट्टीचे तोंड उघडणे. तेथील जाणती माणसे सकाळी ऊन चढण्यापूर्वीच खिडक्या-दारे लावून घेतात आणि सूर्य मावळून बाहेरची हवा निवल्यावर ती सताड उघडतात. वाऱ्याच्या बाजूच्या दारा-खिडक्यांस पूर्वी वाळ्याच्या ताट्या लावीत. ताटी म्हणजे कामट्यांचे झापाचे दार. संत मुक्ताबाईंच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘ताटीच्या अभंगां’मुळे हा शब्द मराठी मनात कायम राहिला आहे. कामट्यांच्या चौकटीत वाळ्याची सुगंधी मुळे भरीत आणि तीवर दिवसातून अनेकदा पाणी शिंपडीत. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती थोडीथोडकी लागत नाही. बर्फाइतके गार पाणी उकळेपर्यंत तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होताना खर्ची पडते. ही उष्णता आत येणाऱ्या वाऱ्यातून काढून घेतली जाते. बाहेर भाजून काढणारा वारा ताटीतून गाळून येतो तेव्हा तो गार आणि सुवासिक झालेला असतो. आजचा कूलर याच तत्त्वावर चालतो. परंतु हीच ताटी मुंबईस नेऊन लावली, तर विशेष उपयोग होणार नाही. तेथील हवेत आधीच बाष्प फार. ताटीतले पाणी सावकाश सुकते आणि खोली गार होण्याऐवजी अधिकच दमट होते.

बाहेर काही टांगण्याची सोय सर्वांसच नसते. उंच इमारतींत वाऱ्याने चिक उडून खाली कोणाच्या डोक्यावर पडण्याची भीती असते. तेव्हा आतल्या पडद्यावरच भागवावे लागते, आणि त्यातही डोके चालविण्यास जागा आहे. पडद्याची काचेकडील बाजू पांढरी असावी, म्हणजे आलेल्या उन्हाचा बराच भाग आल्या वाटेने काचेतून परत जातो. मांजरपाटाचे पांढरे अस्तर लावले तरी चालते. खोलीकडील कापड हवे त्या रंगाचे घ्यावे. दुकानात कापड पारखण्याची सोपी रीत म्हणजे ते आकाशाकडे धरून पाहणे. त्यातून बोटांची आकृती स्पष्ट दिसली, तर ते नजर अडवील पण उजेड अडविणार नाही. पूर्ण अंधार करण्यासाठी हल्ली तीनपदरी विणीचे कापड मिळते. त्याच्या मधल्या थरात काळे सूत असते. ते महाग वाटल्यास सोलापुरी चादर किंवा दुहेरी शिवलेली जुनी सुती साडी यांनीही पुष्कळ काम होते.

अंधार कितपत होतो हे मात्र कापडापेक्षा मापावर अधिक अवलंबून असते. खिडकीच्या मापाचाच पडदा शिवला तर चारी बाजूंनी उजेडाच्या रेघा आत येतात. म्हणून दांडी खिडकीच्या दोन्ही कडांपुढे वीतभर जाईल अशी लावावी, पडदा तळाखाली वीतभर उतरवावा आणि कापड रुंदीस दीडपट ते दुप्पट घ्यावे, म्हणजे त्यास चुण्या पडून फटी झाकल्या जातात. वरच्या फटीतून येणारा उजेड छतावर आपटून सगळ्या खोलीत पसरतो; तो अडविण्यासाठी सुतार दांडीवर लाकडी पेटी बसवितात, तिला पेल्मेट म्हणतात.

एवढे करूनही एखादे छिद्र राहतेच, आणि त्यातून कवडसा पडतो. छिद्र वेडेवाकडे असले तरी जमिनीवरचा कवडसा गोल असतो, हे किती जणांनी पाहिले असेल? तो गोल म्हणजे छिद्राची आकृती नसून सूर्याचे चित्र असते. बारीक छिद्रापासून दोन मीटर अंतरावर पांढरा कागद किरणांच्या समोर धरला, तर त्यावर सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाचा सूर्य उमटतो. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी तोच कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. न्यूटनने १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रात सांगितले आहे की, त्याने खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेस एक लहान छिद्र पाडले आणि त्यातून आलेल्या किरणाच्या वाटेत त्रिकोणी लोलक धरला. समोरच्या भिंतीवर सप्तरंगांचा पट्टा उमटला. चांगली अंधारी खोली शास्त्रज्ञासही उपयोगी पडते.

बाजारात दोरीने वर-खाली होणारे, आडव्या पट्ट्यांचे पडदेही मिळतात. अभ्यासाच्या खोलीस ते उत्तम. पट्ट्यांचा कल वरच्या बाजूस ठेवला म्हणजे उजेड छतावर जाऊन तेथून वहीवर सौम्यपणे उतरतो आणि डोळे दिपत नाहीत. परंतु त्यांच्या लोंबत्या दोऱ्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रांगणाऱ्या व नुकत्याच चालू लागलेल्या मुलांच्या गळ्यास अशा दोऱ्यांचा फास बसून मृत्यू घडलेले आहेत. घरात लहान मूल असेल तर दोरीचे पडदे घेऊच नयेत. आधीच असतील तर दोरी उंचावरील खुंटीस गुंडाळून ठेवावी आणि पाळणा किंवा पलंग खिडकीपासून दूर सरकवावा.

एके काळी शहरेच्या शहरे खिडक्या झाकून बसली होती. १९६५ आणि १९७१ सालच्या युद्धांत शत्रूच्या विमानांस दिवे दिसू नयेत म्हणून मुंबईत काचांवर काळे कागद चिकटविले गेले. तेव्हा आतला उजेड बाहेर जाऊ द्यावयाचा नव्हता. आता काळ्या पडद्याची सर्वांत अधिक गरज असते ती रात्री जागून इतरांची सेवा करणाऱ्यांस: रुग्णालयातील परिचारिकेस, रेल्वेच्या चालकास, गिरणी-कारखान्यातील रात्रपाळीच्या कामगारास. मनुष्याच्या शरीरात झोपेचे आणि जागेपणाचे एक घड्याळ असते. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांस २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या घड्याळाच्या घडणीचा शोध लावल्याबद्दल. डोळ्यांत शिरणारा उजेड या घड्याळाचे काटे फिरवितो. डोळे मिटले तरी पापण्यांतून थोडा उजेड आत जातोच. त्यामुळे दिवसा झोपणाऱ्याची झोप रात्रीच्या झोपेहून तोकडी आणि उथळ होते. थकलेल्या माणसाच्या हातून औषधाचे माप चुकू शकते, गाडीचा निशाण नजरेतून सुटू शकतो. त्याच्या खोलीतील अंधारास चैन म्हणता येणार नाही.

अशा माणसास वेगळी खोली असली तर प्रश्न सुटतो. पण पुष्कळांस ती नसते. एकाच खोलीच्या घरात आई रात्रपाळी करून सकाळी झोपते आणि त्याच वेळी मुलीस परीक्षेचा अभ्यास करावयाचा असतो. खिडकी एक, एकीस काळोख हवा, दुसरीस उजेड. खिडकी पूर्ण झाकली तर मुलीने दिवसा दिवा लावावा, आणि दिव्याचा उजेड पुन्हा आईच्या डोळ्यांवर यावयाचा. येथे पडद्याची जागा बदलणे हाच मार्ग. खिडकीवर नुसता पातळ पडदा ठेवावयाचा आणि जाड कापडाचा पडदा छतास दांडी लावून पलंगाभोवती सोडावयाचा. त्याच्या वरच्या कडेस हातभर उंचीची जाळी शिवावी, म्हणजे आतली हवा कोंडत नाही आणि पंख्याचा वारा पोहोचतो. पलंग खिडकीकडील भिंतीस लावावा, म्हणजे वरच्या जाळीतूनही उजेड सरळ तोंडावर येत नाही. मुलगी खिडकीपाशी पाटावर बसून मनातल्या मनात वाचते. सायंकाळी आई उठून कामावर जाण्यास निघते, तेव्हा पडदा सारून दोरीने भिंतीशी बांधला जातो आणि खोली पुन्हा एक होते.